प्रेसची मागची भिंत

त्या वर्षांत आमच्याकडे हॉटेलांच्या खोल्या कमी पडायला लागल्या होत्या. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. वऱ्हाडातल्या खेड्यांत शेतकरी जीव देत होते, त्याची बातमी तेव्हा रोज देशभर छापून येत होती, आणि ती बातमी पाहायला, तिच्यावर अहवाल लिहायला माणसं येत होती. समित्या येत, पत्रकार येत, बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्यांचे साहेब येत. दिवसभर ते तिवसा, धामणगावकडच्या गावांत फिरत आणि संध्याकाळी त्यांना थंड खोली, गरम पाणी आणि बरं जेवण लागे. अमरावतीत, अकोल्यात तशी हॉटेलं मोजकीच होती. मग शहराच्या मध्यात ज्यांच्या जुन्या जागा वर्षानुवर्षं पडून होत्या, त्यांना त्या एकाएकी दिसायला लागल्या.

मी अमरावतीत राहतो. इमारतींची मजबुती तपासणं, पाया-खांबांचे हिशेब करणं हे माझं काम. त्या वर्षांत मला कामाची ददात नव्हती. मी मूळचा अंजनगाव सुर्जीचा, माझे भाऊ अजून तिथे शेती करतात. खेड्यांत जे चाललं होतं त्याच्यावरच माझं बरं चाललं होतं, हे मला कळत होतं, म्हणून घरी गेलो की मी कामाबद्दल फारसं बोलत नसे. थोरल्या भावाने एकदा विचारलंच, "कायचं बांधून राहिला आता?" मी म्हटलं, "हॉटेल." तो म्हणाला, "बरं हाय. येऊ एखांद्या दिवशी जेवाले." तो टोमणा होता की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

ते हॉटेल अकोल्यातलं. एका शेठजींच्या आजोबांच्या काळातली कापसाची प्रेस होती, म्हणजे सरकी काढलेला कापूस दाबून त्याच्या गठाणी बांधायचा कारखाना. कैक वर्षांपासून बंद. शेठजींनी मला बोलावलं ते ही इमारत पाडायला काय काय लागेल हे विचारायला. मी आत गेलो. उंच विटांच्या भिंती, गोल कमानींच्या खिडक्या, वर छपराचा भार पेलणाऱ्या सागवानाच्या कैच्या, आणि त्या कैच्यांना अजून कुठे कुठे कापसाचे पुंजके चिकटलेले. खिडक्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे खाली आलेले. मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. शेठजी दारातून म्हणाले, "साहेब, काही हरवलं का?"

मी त्यांच्या मागे लागलो. पुढचा दर्शनी भाग आणि मागची लांब भिंत ठेवा, छप्पर काढा आणि आत नवं काँक्रीटचं हॉटेल उभं करा, असं मी त्यांना सुचवलं. पुण्या-मुंबईच्या लोकांना असलं आवडतं, हेही सांगितलं. त्यांना ते पटायला वेळ लागला. मग त्यांचा कुणी पाहुणा ती कमान पाहून "वा" म्हणाला आणि ते एकदम माझ्या बाजूचे झाले. माझ्या आयुष्यात मी एखादी जुनी गोष्ट वाचवली असेल तर ती हीच, असं मला वाटत होतं. अमरावतीला परतताना बडनेऱ्यापर्यंत मी स्वतःशी हसत होतो.

मागच्या भिंतीच्या पलीकडे एक पिंजारी कुटुंब राहत होतं. पिढ्यान्‌पिढ्या रजया-गाद्या भरायचं काम. प्रेस चालू होती तेव्हा जमिनीवर सांडलेला, मळलेला कापूस हेच लोक उचलत, आणि त्याच ओळखीवर शेठजींच्या आजोबांनी त्यांना भिंतीला लागून राहायला दिलं होतं. त्यांच्या खोल्यांना तीनच भिंती होत्या. चौथी प्रेसची. छपराचे वासे थेट तिच्या विटांत घुसवलेले. घरातला कर्ता माणूस साठीच्या आसपासचा, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांची बायको चाची. मुलं, सुना, नातवंडं, आणि एका खोलीत पिंजायची मशीन, जी सुरू झाली की बोलणं ऐकू येत नसे.

या भिंतीचा पाया तपासायला खड्डा घेणं माझं कामच होतं. पुढच्या बाजूला घेतला. थोडक्यातच मुरूम लागला, चांगला घट्ट. मागच्या बाजूला अडचण होती. आतून भिंतीलगत मोठा हौद होता. कापसाला आग लागते, म्हणून प्रेसमध्ये तो बारमाही भरलेला ठेवत, आणि प्रेस बंद पडल्यावरही मोहल्ल्यातले लोक त्याचं पाणी वापरत, म्हणून तो भरलेलाच राहिला. तेव्हा खड्डा पलीकडून, चाचांच्या खोलीतच घ्यावा लागला असता. मी गेलो. लग्नसराईच्या रजयांचे ढीग होते. मी काही म्हणायच्या आत चाची ते ढीग हलवायला लागली. "खोदा ना जी, तुमचं काम हाय. चार दिवस आमी भायेर बसू." एका सुनेच्या मांडीवर लहान मूल झोपलं होतं. मला संकोच वाटला. मी म्हणालो, "राहू द्या. समोर मुरूम लागला आहे, इथंही तोच असेल."

मग त्यांनी मला भिंतीला टेकून गादीवर बसवलं, लोड दिला, चहा दिला. मी थोपटल्यासारखा भिंतीवर हात ठेवून म्हणालो, "ही भिंत तुमच्या नातवांच्या लग्नातही अशीच उभी राहील."

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाने हे म्हणू नये. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते, हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. चैत्र-वैशाखात शेताला अशा भेगा पडतात की लहानपणी आम्ही त्यांत काडी सोडून ती कुठवर जाते ते पाहत असू. त्या मातीवर उभं घर म्हणजे श्वास घेणाऱ्या जनावराच्या पाठीवर ठेवलेलं ओझं. पण एकाच जागी कायम ओल असली की माती हलत नाही. मागची भिंत मुरमावर नव्हती, काळ्या मातीवर होती, आणि एवढी वर्षं तिला त्या हौदाच्या झिरपत्या पाण्यानेच सांभाळलं होतं. असं आज मी म्हणतो. तेव्हा मी गाड्या लावायला जागा हवी म्हणून हौद उपसायला लावला, त्यात मलबा भरला आणि वर फरशी टाकली.

हे हिवाळ्यात झालं. होळीच्या सुमाराला मागच्या भिंतीत केसाएवढी रेघ दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, खाली तिरपी जाणारी. प्रत्येक जुन्या भिंतीला अशी एखादी रेघ असते. तरी मी रीतीप्रमाणे तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भेग हलली की काच तडकते, साधी युक्ती आहे. एक पट्टी पलीकडून, चाचांच्या खोलीतही लावली. काही दिवसांनी गेलो तर ती आरशासारखी चकचकीत. चाची म्हणाली, "तुमची काच रोज पुसून ठेवतो आमी."

मग एका सकाळी चाचांचा फोन आला. "साहेब, तुमची काच फुटली. पोट्ट्यायनं नाही फोडली, आधीच सांगून ठेवतो."

मी तेव्हा घरी जेवत होतो. घास तोंडातच राहिला. त्या दिवसापासून पुढचे सगळे दिवस मी एकाच गोष्टीच्या भीतीत काढले, आणि ती गोष्ट कुणालाही समजण्याएवढी सोपी होती. ती भिंत कोसळणार आणि चाचांच्या घरावर कोसळणार.

मी ओळंबा लावून पाहिला. भिंत झुकली होती, आणि झुकली होती पलीकडे. आमच्या बाजूने टेकू देण्यात अर्थ नव्हता, उलट टेकूने ती आणखी तिकडेच ढकलली गेली असती. टेकू द्यायचा तर त्यांच्या खोल्यांतून द्यायला हवा होता, आणि त्यासाठी खोल्या रिकाम्या हव्या होत्या. हौदात पुन्हा पाणी सोडायचा विचार केला. पण एकदा सुकून भेगाळलेल्या मातीत एकदम पाणी गेलं की ती एका बाजूने फुगते आणि वरचं बांधकाम उचलून टाकते. पावसाळा आला की नेमकं तेच होणार होतं. म्हणजे जे करायचं ते पावसाआधी.

फोनवर अकोल्याचा नंबर असला की मी तो पहिल्यांदा वाजू द्यायचो आणि मग लावायचो, म्हणजे तेवढ्या वेळात छाती जरा शांत होईल. अमरावतीच्या घरात मी भिंतीला खाट लावून झोपणं बंद केलं. मुलीने विचारलं तर गरमी होते म्हणालो. बायकोने ओळखलं. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग इथं काय घाबरून राहिले? त्यांना सांगा ना."

महानगरपालिकेत कळवता आलं असतं. मग नोटीस लागली असती, पोलीस आले असते, त्या लोकांचं सामान रस्त्यावर आलं असतं. मी कळवलं नाही याचं हे कारण मी स्वतःला देत होतो. पण माझं नावही त्या नोटिशीत आलं असतं, हे कारण त्याहून मोठं होतं.

आधी शेठजींकडे गेलो. म्हटलं, मागची भिंत उतरवावी लागेल.

"उतरवावी?" ते हसले. "तुमीच तं माह्या मागे लागले होते, का या भिंतीले हात लावू नका म्हणून. आता हाटेलच्या कार्डावर छापून झालं जी तिचं चित्र."

"तेव्हा हौद भरलेला होता."

"हौद बुजवाले कोनं सांगतलं?"

त्यांनी चहा मागवला. ते वाईट गृहस्थ नव्हते, मला कधी टाकून बोलले नाहीत. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "अन् पडली तं कोनाकडे पडन?"

"चाचांकडे."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "मंग त्यायले खाली कराले सांगा ना. जीव वाचवला पायजे लोकायचा. माह्या बापानं सांगतलं, मी सांगतलं, आयकत नाहीत. तुमी शिकलेले मानसं, तुमचं आयकतीन."

मी बाहेर आलो तेव्हा ऊन तापलं होतं. माझ्या तोंडून जे निघणार होतं ते खरं होतं, आणि तेच शेठजींना इतकी वर्षं हवं होतं. खरं बोलायला जाताना माणसाला इतकं भ्यायला होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

चाचा मशीनपाशी होते. मी सांगितलं. ते हसले. त्यांच्या भुवयांवर कायम कापसाचा भुसा असे, हसले की तो हलायचा.

"पयले एक जन आला," ते म्हणाले, "म्हने रोड रुंद होऊन राहिला, तुमचं घर रोडात जाते. रोड गेला तिकडच्या तिकडं. मंग दुसरा आला, म्हने वरून मोठी लाइन जाऊन राहिली, करंट उतरते. आता तुमी आले, तुमी म्हनता दिवाल. पुढच्या खेपेले कोन येते? भूत?"

पोरं खिदळली.

"चाचा, मी खरं सांगतो आहे."

"ते बी खरंच सांगे जी."

चाची रजईला टाके घालत होती. तिने वर न पाहता म्हटलं, "मागल्या साली तुमीच म्हटलं होतं, साहेब. आमच्या नातवायच्या लग्नात बी हे दिवाल उभी राहीन म्हने. नातवाले तं अजून नाक पुसता येत नाही."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, चाची."

"मंग आता माहीत हाय हे कशावरून?"

मी भेग दाखवली, फुटलेली काच दाखवली, ओळंबा धरून दाखवला. चाचांनी सगळं नीट पाहिलं. मग म्हणाले, "हे पाहा, आमी एकदा उठलो का शेठचं कुलूप लागते. मंग कोनाले इचारत फिरू? तुमी तं अमरावतीले राहता."

त्यानंतर मी जवळजवळ रोजच अकोल्याला जायला लागलो. दुसरी कामं पडून राहिली. जाऊन करायचो काय? भेग पाहायची, ओळंबा लावायचा, दारात उभं राहून तेच सांगायचं. भेग रुंदावत होती. आत एक बोट जाईल एवढी झाली. त्यांच्या बाजूने मी तिच्यात कागदाचा कपटा अडकवून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो खाली पडलेला असे. पोरं त्याच भिंतीला पाठ लावून गोट्या खेळत. मी "बाजूला खेळा रे" म्हटलं की ती मुद्दाम आणखी चिकटून बसत. त्यांचा तो खेळच झाला होता. दुपारी त्या घरातली माणसं भिंतीच्या सावलीतच पहुडत, कारण जाड विटांची तेवढी एकच जागा थंड होती.

वैशाखातली अशीच दुपार. मी दारात उभा होतो. चाचीने चहा केला होता. तिने कप पुढे केला आणि म्हणाली, "साहेब, तुमी आजकाल आतमंधी येतच नाही. दारातूनच बोलता, दारातूनच जाता. बाटते का?"

मला ते फार लागलं. आमच्या गावात मी ते पाहिलेलं होतं. मुसलमानाच्या ओट्यावर बसून गप्पा मारायच्या, आणि पाणी मात्र घरी येऊन प्यायचं. माझे आजोबा तसे होते. चाची ते सहज, चेष्टेने म्हणाली, पण तिने ते बरेच दिवस मनात ठेवलेलं होतं. आणि मला तिला सांगता येईना की मी आत येत नाही कारण मला तुमच्या घरात मरायची भीती वाटते.

मी चपला काढल्या आणि आत गेलो. पाहुण्याची जागा ठरलेली होती, भिंतीला टेकून घातलेली जाड गादी, पाठीला लोड. "बसा," चाचा म्हणाले. मी बसलो. पाठ लोडाला लागू दिली नाही. चाचीने तेही पाहिलं असावं. म्हणाली, "आरामानं बसा ना." मी टेकलो.

मी कपबशी दोन्ही हातांनी धरली. चाचा कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगत होते, धाकटी सून तोंडाला पदर लावून हसत होती, दोन पोरं माझ्या पायांशी लोळत होती. मी मान हलवत होतो आणि पाठीला येणारी प्रत्येक थरथर ऐकत होतो. मी मजुरांना सांगून आलो होतो की आज मागे काही करू नका. पण भिंतीपलीकडे सळईचा ट्रक आला. ड्रायव्हरने तो मागे घेतला, मागचं फळकं पाडलं, आणि सळया एकदम खाली ओतल्या.

माझ्या बशीत वरून चुन्याची चिमूट पडली.

मग मी रस्त्यात होतो. मधलं मला आठवत नाही. पाय भाजत होते म्हणून खाली पाहिलं तर मी अनवाणी होतो. कप फुटला होता, शर्टावर चहा होता. मागे घरात सगळे हसत होते. चाचांना तर हसता हसता ठसका लागला. "अबे पाहा, इंजनेर पयाला!" मी लांब उभा राहून धापा टाकत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

हसणं हळूहळू थांबलं. चाची दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वळून त्या भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ. मग आत जाऊन तिने लोळणाऱ्या पोरांचे हात धरले आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. चाचांना ती म्हणाली, "हा मानूस खोटं बोलून नाही राहिला. एवढं भेन्याचं सोंग कोनाले करता येत नाही."

मग ती माझ्याजवळ आली. माझ्या चपला तिच्या हातात होत्या. त्या माझ्यापुढे ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, तुमी पयाले. आमाले आवाज बी नाही देला."

माझ्या पायांशी दोन मुलं होती. माझ्या हाताच्या अंतरावर. चुना पडला तेव्हा जर ती भिंत खरंच आली असती तर मी एकटा जगलो असतो. खड्ड्याची चूक मी अज्ञानात केली, भिडेपोटी केली, असं म्हणता येतं. हे कशापोटी केलं ते मला सांगता येत नाही. त्या घटनेला आता बरीच वर्षं झाली. मी चांगला माणूस आहे असं कुणी म्हटलं की मला त्या रस्त्यावरचं ऊन आठवतं.

त्याच संध्याकाळी ते लोक हलायला लागले. त्यांच्या अटी चाचीने सांगितल्या. मशीन जागेवरून हलणार नाही. दाराला कुलूप त्यांचं. आणि शेठजींनी इथे येऊन, मोहल्ल्यातल्या चार लोकांसमोर बोलायचं की काम झाल्यावर जागेला जागा देईन. मी शेठजींना घेऊन आलो. ते अगदी सहज बोलले. "हो जी, देतो ना. पिढ्यायचा संबंध हाय." त्यांच्या सहजपणाचीच मला भीती वाटली. चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "अन् हे साहेब मधात हायेत." सगळ्यांनी मान हलवली.

रस्त्यापलीकडे निंबाखाली त्यांनी चादरी बांधल्या आणि तिथेच, आपलं दार नजरेसमोर राहील असं बसून रजया भरायला लागले. झोपायला नातेवाइकांकडे जात. पण कुणी ना कुणी कायम तिथे असे. ताबा सोडायचा नव्हता.

जागा रिकामी झाल्यावर शेठजींनीही भिंतीचा हट्ट सोडला, आणि आम्ही ती वरून उतरवायला घेतली. हाताने, एकेक वीट. आणि भिंत सुटेना. चुन्याने विटा अशा धरल्या होत्या की पहार लावली तर वीट फुटायची पण सांधा सुटत नसे. गवंडी वैतागले. "साहेब, ही तं आपल्या सर्वायले पुरून उरते जी." शेठजी रोज येऊन पाहत, एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी म्हने पडते. हे तं पाडून बी पडत नाही." निंबाखालून चाचांची माणसं पाहत असत. त्यांचे मोहल्ल्यातले मित्र येत, भिंतीकडे बघत, माझ्याकडे बघत, आपसात बोलत. आधी मी भिंत पडेल म्हणून भीत होतो, आता ती पडत नव्हती म्हणून भ्यायला लागलो. मी या लोकांना माझ्या भित्रेपणासाठी उठवलं की काय? त्या कमानी एकेक करून उघड्या पडत होत्या, आकाश दिसत होतं, आणि मी आयुष्यात वाचवलेली एकुलती एक सुंदर गोष्ट मीच उतरवत होतो.

पायापर्यंत पोचलो की सगळं कळेल, अशी माझी आशा होती. पायाखाली पोकळी असणार, माती सुटलेली असणार, मी ती चाचांना हात घालून दाखवणार. पण आम्ही जोत्यापाशी आलो आणि पाऊस लागला. झडच लागली. पाणी ओसरल्यावर आम्ही पाया उघडला, तोवर माती फुगून, मऊ होऊन सगळीकडे घट्ट बसलेली. कुठे भेग नाही, कुठे पोकळी नाही. काळी माती आपलं काही मागे ठेवत नाही. मी चिखलात गुडघे टेकून बोटांनी चाचपत राहिलो. पाया काळ्या मातीवर होता, एवढं खरं निघालं. पण ती भिंत पडली असती की नाही, हे सांगणारं तिथे काहीच उरलेलं नव्हतं.

हॉटेल झालं. पुढची कमान अजून आहे, तिच्यावर दिवे सोडतात. मागे आता काँक्रीटची सपाट भिंत आहे. चाचांना जागा मिळाली, पण ती नव्हे. तिथे जनरेटर बसला. शेठजी म्हणाले, "जागेले जागाच म्हटलं होतं ना मी?" आणि त्यांनी त्यांच्याच दुसऱ्या एका चाळीत, गल्लीच्या आत, एक शटरवाली खोली दिली. मी मधला माणूस होतो. मी दोनदा शेठजींकडे गेलो, मऊ आवाजात बोललो आणि परत आलो. एक मुलगा कुटुंब घेऊन शहराबाहेर राहायला गेला. धाकटा अजून माझ्या नमस्काराला उत्तर देत नाही. त्याच्या मते मी आणि शेठजींनी मिळून ते नाटक केलं होतं, अनवाणी पळण्यासकट.

अकोल्याला काम निघालं की मी त्या गल्लीत जायचं टाळत आलो. गेल्या हिवाळ्यात बायकोने रजया भरून आणायला सांगितल्या आणि दुसरीकडे जायला माझं मन धजेना. चाचा मशीनवर होते, आता वाकलेले. चाचीने मला ओळखलं, स्टूल दिलं. माप घेतलं, कापड चाचपलं. मग मशीनच्या आवाजातही ऐकू यावं म्हणून मोठ्याने विचारलं, "साहेब, एक सांगा. आता तं काही घेनं-देनं राहिलं नाही. पडली असती का हो ते दिवाल?"

चाचांनी मशीन बंद केली.

हवेत तरंगणारा कापूस हळूहळू खाली बसत होता. मला खरं सांगायचं होतं. खरं एवढंच होतं की मला माहीत नाही. चाचा माझ्या तोंडाकडे पाहत होते. ते घर, ती थंड भिंत, मुलाचं दूर जाणं, हे सगळं त्यांनी माझ्या एका भीतीच्या मोबदल्यात दिलं होतं.

"हो," मी म्हणालो. "पडलीच असती."

चाचांनी मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू केली. चाची माझ्या कापडाची घडी घालत काहीतरी म्हणाली. "मंग बरं झालं" असं म्हणाली असावी. मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.